‘दादाला झालं, मग मलाही होणार का?’

हा प्रश्न माझ्या खोलीत नेहमी दार लागल्यावर आणि आवाज खाली घेऊन येतो. विचारणारी कुणाची बहीण असते, कुणाचा मुलगा, कुणाची होणारी बायको. घरात एकाला स्किझोफ्रेनिया झाला की बाकीचे मनातल्या मनात रांगेत उभे राहतात. गेल्या काही महिन्यांत हे इतक्यांदा ऐकलं की लिहायला बसले. खालची मुलगी एक दिसत असली तरी ती तिघीचौघींची मिळून झालेली आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ती सत्तावीस वर्षांची. मोठ्या भावाला एकविसाव्या वर्षी भास सुरू झाले. आता औषधांमुळे आवाज थांबलेत, पण तो दिवसचे दिवस खोलीबाहेर येत नाही. हिचं लग्न ठरत आलेलं. पहिल्याच भेटीत तिने पर्समधून एक वही काढली. दोन वर्षं रोज रात्री ती स्वतःची तपासणी लिहीत होती. ‘कुणी हाक मारल्यासारखं वाटलं. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते का? आज कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.’

“मी वाचलंय मॅडम, सख्ख्या भावंडांना धोका नऊपट असतो.”

“कशाच्या नऊपट?”

ती गप्प झाली. हे कुणी सांगतच नाही. एकूण लोकांत हा आजार आयुष्यभरात शंभरातल्या साधारण एकाला होतो. सख्ख्या भावंडांत शंभरातल्या नऊ जणांना. तिचं मूल दादाचं भाचं लागणार, म्हणजे तिथे हा आकडा तीन-चारवर येतो. ‘हा आजार ऐंशी टक्के आनुवंशिक आहे’ हे वाक्यही तिने पाठ केलं होतं. त्याचा अर्थ शंभरातल्या ऐंशी मुलांना तो होतो असा मुळीच नाही. हा आजार होण्याचा कल कुणात जास्त असतो, कुणात कमी. माणसामाणसांतल्या या फरकात जनुकांचा वाटा किती, एवढंच तो आकडा सांगतो. बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांपैकी कुणालाही हा आजार नसतो.

“पण त्या नवांत मी नाही असं तुम्ही सांगू शकता?”

“नाही,” मी म्हटलं. खोटा धीर द्यायचा नाही, हा माझा जुना नियम. आकड्यांनी समज येते, झोप येत नाही. तिची वही चालूच राहिली.

तिसऱ्या भेटीला आई बरोबर आली. बसल्या बसल्या म्हणाली, “आमच्याकडून आलं ते. माझा मामा असाच होता.” वडील यायलाच तयार नव्हते. या आईपाशी मी मुद्दाम जास्त वेळ थांबले. एक काळ होता, 1948 च्या आसपासचा, जेव्हा मानसोपचारातली मोठी माणसं आईच्या वागण्यामुळे हा आजार होतो असं मानत. ते चूक ठरलं. पण मला वर्षानुवर्षं दिसतंय ते असं, की दोष आईच्या वागण्यावरून उठला आणि आईच्या रक्तावर जाऊन बसला. तोही तिथे टिकत नाही. 2022 मध्ये 76 हजारांहून जास्त रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराशी जोडलेल्या 287 जागा सापडल्या. त्यातल्या बहुतेक ठिकाणचा बदल इतका सर्वसामान्य, की एकेकट्याने त्याचा परिणाम नगण्य. “त्यातले कितीतरी बदल माझ्यातही असणार,” मी आईला म्हटलं, “आणि यांच्या वडिलांतही.” तिने पदर डोळ्यांना लावला. बऱ्याच वेळाने म्हणाली, “हे त्यांना सांगाल?”

अपवाद आहेत आणि ते लपवू नयेत. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मतः नसलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला पुढे असा आजार होतो. रुग्णाला जन्मापासून हृदयाचा दोष, टाळूचा दोष किंवा शिकण्यात अडचण असेल तर जनुकतज्ज्ञांना जरूर विचारा. एरवी घरबसल्या थुंकीची तपासणी करून ‘होणार की नाही’ हे कळत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

पाचव्या भेटीत मी तिला चार बहिणींची गोष्ट सांगितली. अमेरिकेत 1930 मध्ये जन्मलेल्या, चौघी एकसारख्या, जनुकं तीच. चौघींनाही स्किझोफ्रेनिया झाला. खरं तर ही गोष्ट घाबरलेल्या माणसाला सांगू नये अशीच. पण एकीने नोकरी केली, संसार केला, मुलं वाढवली. दुसरीची कित्येक वर्षं रुग्णालयात गेली. आजार तोच, आयुष्यं निराळी.

ती बराच वेळ बोलली नाही. मीही बोलले नाही. मला वाटलं, ती स्वतःचाच हिशेब मांडत असेल.

“म्हणजे दादाचं पण अजून काही ठरलेलं नाही?”

पाच भेटींत ती पहिल्यांदा दादाबद्दल बोलत होती. मग बांध फुटला. “मी त्याच्या खोलीत जातच नाही. गेले तर तो दिसतच नाही मला. मीच दिसते. त्या पलंगावर मीच झोपलेय असं वाटतं.”

मी कुटुंबाकडे बघून काम करणारी. एकट्या माणसात आजार शोधणं मला कधी पटलं नाही, आणि त्या दिवशी ते पुन्हा खरं ठरलं. मी इतके दिवस तिची भीती कमी करायला बघत होते. पण त्या भीतीने घरातून एक माणूस पुसून टाकला होता, आणि तो हिच्यापासून एका भिंतीपलीकडे होता. तो उठत नाही, बोलत नाही, याला घरात ‘आळस’ म्हणत. ते आजाराचंच लक्षण आहे आणि औषधं त्यावर कमी पडतात. उलट टोमणे, सततची टीका चालते त्या घरांत आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक देशांत दिसून आलंय. जनुकं बदलता येत नाहीत, घरातला आवाज बदलता येतो. शुभंकराच्या, म्हणजे काळजी घेणाऱ्या माणसाच्या, हातात हे खरोखर असतं.

तिच्यासारख्यांना मी आणखी थोडं सांगते. गांजापासून लांब राहा, तुमच्यासाठी तो इतरांपेक्षा महाग पडू शकतो. झोप सांभाळा. झोप लागता लागता हाक ऐकू येणं पुष्कळांना होतं. पण जागेपणी आवाज येत राहिले, संशय जाईना, कामावर लक्ष लागेना आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर थेट मनोविकारतज्ज्ञांकडे जा. लवकर सुरू झालेल्या उपचारांनी पुढे खूप फरक पडतो. होणाऱ्या जोडीदाराला सांगायचं का? हो, आकड्यांसकट. तिने सांगितलं. त्याने दोन दिवस घेतले आणि मग दादाला भेटायला आला.

वही मी बंद करायला लावली नाही. फक्त म्हटलं, “रोज एक ओळ दादाबद्दल लिही. लक्षण नको. जे दिसलं ते.”

शेवटच्या भेटीत तिने ती उघडून दाखवली. स्वतःची तपासणी तीन आठवड्यांपूर्वी थांबली होती, ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. आदल्या रात्रीची ओळ होती : ‘दादा गॅलरीत वीस मिनिटं बसला. माझ्या नव्या चपलांचा रंग त्याला आवडला नाही.’