बारावीनंतर एएमई करावं का? लाइनवर काम करणाऱ्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंबिवलीच्या एका गृहस्थांची मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. तिला विमान क्षेत्रातच जायचंय, पण पायलटचा खर्च घरच्यांना झेपणारा नाही. एका क्लासवाल्याने सांगितलं, ‘एएमई करा, चार वर्षांत विमानाची इंजिनियर, पगार लाखात.’ हे खरं का, काम नेमकं काय असतं, आणि मुलीला जमेल का?

मी बी 1.1 लायसन्सवाला (इंजिन आणि सांगाड्याच्या कामाचा) एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता. बरीच वर्षं मुंबईतच लाइन मेंटेनन्सला, म्हणजे विमानतळावर उभ्या विमानांच्या तपासणी-दुरुस्तीला आहे, म्हणून मला माहीत आहे तेवढंच सांगतो.

क्लासवाला खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. आमच्या धंद्यात कोर्स पूर्ण करणं, लायसन्स मिळणं आणि विमानावर सही करण्याचा अधिकार मिळणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये अंतर असतं आणि मुलांचे (व आईबापांच्या पैशाचे) हाल त्या अंतरात होतात. क्लासवाला फक्त पहिल्या पायरीचं माहितीपत्रक छापतो.

आधी एक घोळ मिटवून टाकतो, कारण दर वर्षी कोणी ना कोणी त्यात अडकतं. बीई एरोनॉटिकल म्हणजे एएमई नव्हे. बीई ही विद्यापीठाची पदवी. तिने डिझाइन, संशोधन, कारखाने यांची दारं उघडतील, पण उभ्या विमानावर ‘हे उडायला योग्य आहे’ अशी सही करता येत नाही. ती सही डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं) लायसन्स असलेलाच करतो. लायसन्सचे नियम सीएआर 66 (सीएआर म्हणजे डीजीसीएची नियमावली) मध्ये आहेत आणि शिकवणाऱ्या संस्थांचे सीएआर 147 मध्ये. हे दोन आकडे लिहून ठेवा, पुढे लागतील.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. बेसिक कोर्स 2400 तासांचा. त्याच्या जोडीला डीजीसीएच्या मॉड्यूल परीक्षा असतात. विषय दहाच्या वर आणि प्रत्येकात पास व्हायला 75 टक्के लागतात. पस्तीसवर सुटायची सवय झालेल्या मुलांना इथेच पहिला दणका बसतो. प्रश्न पर्यायी असतात, पण दोन पर्याय असे दिलेले असतात की ज्याने खरोखर वाचलंय तोच सुटतो. मॉड्यूल 10 हा विमान कायद्यांचा विषय. त्याची जुनी गाइडं कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, कारण 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम 2024 लागू झालाय.

सगळे पेपर सुटले तरी लायसन्स लगेच हातात पडत नाही. मान्यताप्राप्त कोर्स केलेल्यालाही चालू विमानांवरचा दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. ‘चालू’ हा शब्द अधोरेखित करा. काही संस्थांच्या अंगणात वर्षानुवर्षं एकाच जागी उभं असलेलं, टायर बसलेलं विमान असतं. फोटोत छान दिसतं, पण नोकरीच्या मुलाखतीत त्याच्यावरचा अनुभव लगेच उघडा पडतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी संस्थेला लेखी विचारा: ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) कुठल्या सीएआर 145 संस्थेत, म्हणजे मान्यताप्राप्त देखभाल संस्थेत, कुठल्या विमानावर, किती महिने? उत्तर तोंडीच मिळालं तर उठून या. मान्यताप्राप्त 147 संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते, तीही स्वतः पाहा. आणि मान्यता कुठल्या कॅटेगरीची आहे तेही वाचा.

मग लायसन्स येतं. घरी पेढे वाटले जातात, आणि तरीही ती एअरबस ए320 वर सही करू शकत नाही. त्याला त्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं: काही आठवड्यांचा वर्ग, परीक्षा, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी कंपनीची स्वतःची ऑथरायझेशन, म्हणजे सही करायची परवानगी. तोवर ती टेक्निशियन म्हणून दुसऱ्याच्या सहीखाली काम करते. पगार लाखात जातो तो सहसा या टप्प्यानंतर. त्याआधीच्या स्टायपेंडवर मुंबईत भाड्याने राहणं जवळजवळ अशक्य आहे. डोंबिवलीत स्वतःचं घर असणं ही तुमच्या मुलीची मोठी जमेची बाजू आहे, हे मी चेष्टेत म्हणत नाही. टाइप रेटिंग नोकरी नसताना स्वखर्चाने करू नका, हे मात्र माझं ठाम मत. कंपनीला गरज असली की कंपनी करवून घेते. त्यासाठी बाँड (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा करार) लिहून द्यावा लागतो, तो परवडला. पदरचे लाखो घालून आणलेलं रेटिंग त्या विमानाला हातच लागला नाही तर कागदच राहतं.

म्हणजे हिशोब असा: सगळं सुरळीत गेलं तर सही करायला लागेपर्यंत सहा-सात वर्षं धरा. चार नव्हे.

आता कामाबद्दल. विमानं दिवसा पैसे कमावतात, त्यामुळे आमचं जड काम रात्रीचं. बऱ्याच ठिकाणी बारा तासांच्या शिफ्ट असतात, दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या, मग सुट्टी. दिवसा ट्रान्झिट चेक: विमान आलं, उतारू उतरतायत, तेवढ्यात खाली फेरी मारायची. टायरची झीज, ब्रेकची वेअर पिन किती उरली, कुठे गळती, पॅनलची लॅच नीट बसलीय का. इंजिनचं ऑइल इंजिन बंद झाल्यावर ठरावीक वेळेतच बघायचं, नाहीतर आकडा फसवा येतो. मे महिन्यात बे वरचं (विमान उभं करायच्या जागेवरचं) काँक्रीट बुटातून भाजतं. जून लागला की अंगावर रेनकोट, आत घामाने तेवढंच ओलं. हायड्रॉलिकचं जांभळट तेल कातडीला लागलं की आग होते, डोळ्यात गेलं तर देवच आठवतो. नातेवाईकांना यातलं काही दिसत नाही, त्यांना फक्त ‘विमानतळावर आहेस ना, तिकीट स्वस्तात मिळेल का?’ एवढंच विचारायचं असतं.

एक रात्र सांगतो. जुलै, धो धो पाऊस, मध्यरात्रीच्या आसपास विमान आलं. टेक लॉगमध्ये (विमानाच्या तक्रारवहीत) कॅप्टनने लिहिलं होतं, उतरताना पक्षी धडकल्याची शंका. टॉर्च घेऊन इंजिनच्या तोंडाशी उभा राहिलो. इनलेटच्या खालच्या काठाला रक्ताची फिकट रेघ आणि एक पीस चिकटलेलं. फॅन हाताने हळूहळू फिरवत एकेक ब्लेड तपासायचं, धारेवरून बोट फिरवायचं, खाच लागली तर तिचं माप मॅन्युअलमधल्या मर्यादेत बसतं का पाहायचं. ब्लेडं ठीक होती. पण फॅनच्या मागे, जिथून हवा इंजिनच्या गाभ्यात शिरते, तिथेही डाग होता. म्हणजे बोरोस्कोप आलंच: बारीक कॅमेरा आत सोडून कॉम्प्रेसरची पाती पाहायची. विमान पहाटेच्या फ्लाइटला लागलेलं. कंट्रोलमधून दर दहा मिनिटांनी फोन, ‘सर, किती वाजता मिळेल?’ मी दर वेळी एकच सांगत होतो, तपासून झालं की. शेवटी आत काही निघालं नाही, विमान उशिरा का होईना गेलं. वर टर्मिनलमध्ये उतारू काउंटरवरच्या पोरीला बोलत होते आणि खाली मी चहा पीत बसलो होतो. वाटणी अन्यायाची आहे खरी.

या नोकरीचा गाभा हाच आहे. ‘काही निघालं नाही’ हे आपल्याला आधी माहीत नसतं, आणि घाई करणारे सगळे आपल्याहून वरच्या खुर्चीत असतात. तुमच्या मुलीला जमेल का, याचं उत्तर ताकदीत शोधू नका. ‘अजून झालं नाही’ हे साध्या आवाजात पाच वेळा सांगता येतं का, ते बघा.

ह्यूमन फॅक्टर्सच्या, म्हणजे माणसाच्या हातून चुका कशा होतात या विषयाच्या वर्गात ब्रिटिश एअरवेजच्या फ्लाइट 5390 ची गोष्ट हमखास येते. 10 जून 1990, बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं विमान. सतरा हजार फुटांच्या वर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. केबिन क्रूने पाय धरून ठेवले, को-पायलटने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं आणि नशिबाने सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. चौकशीत निघालं की ती काच उड्डाणाच्या 27 तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. नव्वदपैकी 84 बोल्ट व्यासाने किंचित कमी होते. बसवणारा अननुभवी नव्हता, त्या पाळीचा प्रमुखच होता. त्याने काढलेला जुना बोल्ट नजरेने जुळवून नवे घेतले, पार्ट्स कॅटलॉगमधला नंबर ताडून पाहिला नाही. शिवाय आधीपासून बसलेले बोल्टही बहुतेक चुकीचेच होते. पहाटे तीन-चार वाजता डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणूनच आमच्याकडे प्रत्येक सुट्या भागासोबत कागद लागतो, टॉर्क रेंचवर कॅलिब्रेशनची तारीख लागते, आणि शिफ्ट संपताना टूलबॉक्समधला एक स्क्रूड्रायव्हर कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही.

ब्रेथलायझर चाचणी पायलटपुरतीच असते असं लोकांना वाटतं. ती आम्हालाही लागू आहे.

मुलगी म्हणून वेगळं काय? पूर्वी लाइनवर मुली क्वचित दिसायच्या, आता रात्रपाळीतही असतात. चाक बदलायला जॅक आणि ट्रॉली असते, खांद्यावर कोणी नेत नाही. उलट अरुंद जागेत हात घालून कनेक्टर काढायचा असला की आम्ही पोरींनाच हाक मारतो. अडचणी वेगळ्या असतात. लांबच्या बे वर स्वच्छतागृह जवळ नसतं. रात्री घरी सोडायला गाडी आहे का, आणि ती डोंबिवलीपर्यंत येते का की ठाण्यालाच सोडते, हे नोकरी घेताना स्पष्ट विचारा. शिफ्ट सुटल्यावर पहाटेच्या लोकलने उलट दिशेला जाताना डबा रिकामा मिळतो, पण मुलीला तो रिकामा डबा सुखाचा नसतो. नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झालाय. डोंबिवलीकरांनी तिथल्या भरतीवरही लक्ष ठेवावं.

आणखी एक नियम, जो फार थोडे जण आधी सांगतात: लायसन्सचा अधिकार वापरायचा तर मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिने देखभालीचा अनुभव असावा लागतो. बाळंतपण, आजारपण, परदेशवारी, कारण काहीही असो, लांब सुट्टी घेताना हे गणित डोक्यात हवं.

बाकी वाटांबद्दल थोडक्यात. पायलटच्या सीपीएलला (व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला) 200 तासांचं उड्डाण आणि क्लास 1 मेडिकल लागतं, खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो, टाइप रेटिंग वेगळं. झेपत नसेल तर घर गहाण टाकून त्यात पडू नका. केबिन क्रूला बारावी चालते, पण ती फार वेगळ्या स्वभावाच्या माणसांची नोकरी. एका वाटेकडे मात्र मराठी घरं उगाच दुर्लक्ष करतात: एअर ट्रॅफिक कंट्रोल. फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बीएस्सी किंवा इंजिनियरिंग केलं की एअरपोर्ट्स अथॉरिटीची ज्युनियर एक्झिक्युटिव्हची परीक्षा देता येते. प्रशिक्षण सरकारी, नोकरी सरकारी, संस्थांपैकी एक तर आपल्या गोंदियालाच आहे. मुलगी गणितात तल्लख असेल आणि हात तेलकट करायची हौस नसेल, तर ही वाट एएमईपेक्षा स्वस्तही आहे आणि माझ्या मते बरीही.

पण हात चालवायची हौस असेल, घरातला मिक्सर उघडून बसणारी असेल, तर एएमई. मग पुढचा प्रश्न बी 1.1 की बी 2. बी 1.1 मध्ये इंजिन, सांगाडा, चाकं, हायड्रॉलिक. बी 2 मध्ये एव्हियॉनिक्स, म्हणजे रेडिओ, नेव्हिगेशन, ऑटोपायलट, वायरिंग. नवीन विमानांत बी 2 चं काम वाढत चाललंय, पण लाइनवर बी 1 वाल्याची गरज प्रत्येक शिफ्टला पडते. वायरिंग हाताळायचं तर रंग ओळखता येणं भाग आहे, म्हणून फी भरायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून रंगदृष्टी तपासून घ्या. ज्या संस्थेत जाणार आहात तिचं नाव आणि त्यांनी ओजेटीबद्दल काय लिहून दिलंय ते मला खासगी निरोपात पाठवा, बघून सांगतो.