उदासीन अणूंमध्ये बल येते कोठून?

प्रश्न : निसर्गात मूलभूत बले चारच आहेत, असे सांगितले जाते. मग घर्षण, दोरीतील ताण, प्लावक बल (द्रवात वस्तूला वर ढकलणारे बल) यांचे काय? ती विद्युतचुंबकीय बलातून निर्माण होतात असे मानले, तरी अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दोन उदासीन अणू एकमेकांवर बल कसे लावतात?

उत्तर : खरी अडचण तुम्ही शेवटच्या वाक्यात नेमकी पकडली आहे. अणू उदासीन असतो याचा अर्थ त्यात प्रभार नसतो असा नाही. धन आणि ऋण प्रभार समान असतात, पण ते एकाच ठिकाणी नसतात. धन प्रभार केंद्रकात एकवटलेला असतो, तर इलेक्ट्रॉन त्याभोवती पसरलेले असतात. दोन अणू दूर असताना त्यांच्यातील आकर्षण आणि प्रतिकर्षण जवळजवळ पूर्णपणे रद्द होतात. ते जवळ आले की इलेक्ट्रॉनांची मांडणी किंचित बदलते आणि थोडे आकर्षण शिल्लक राहते. भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) आधारे त्याचे स्पष्टीकरण दिले. अंतर दुप्पट केल्यास दोन प्रभारांमधील बल एक चतुर्थांश होते, हे शिल्लक बल मात्र १२८ पटींनी घटते. म्हणूनच ते अगदी जवळून स्पर्श झाल्याशिवाय जाणवत नाही.

अणू आणखी जवळ आणले, तर प्रतिकर्षण सुरू होते. टेबलावरील पुस्तक खाली जात नाही ते यामुळेच. ‘इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात’ हे नेहमीचे उत्तर येथे अपुरे आहे. दोन इलेक्ट्रॉन एकाच पुंज अवस्थेत राहू शकत नाहीत, हे पाउली यांचे १९२५ चे अपवर्जन तत्त्वही तितकेच आवश्यक असते. केवळ विद्युतबलांवर पदार्थाची स्थिरता टिकत नाही, हे डायसन आणि लेनार्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने दाखवून दिले. अर्थात, हे तत्त्व म्हणजे पाचवे बल नव्हे.

ताणलेल्या दोरीत अणू-रेणूंमधील अंतरे किंचित वाढतात आणि आकर्षण त्यांना मागे खेचते. घर्षणात दोन पृष्ठभाग मोजक्याच उंचवट्यांवर टेकतात आणि तेथील बंध सतत जुळत-तुटत राहतात. त्यामुळे ‘घर्षण लंबबलाच्या (पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलाच्या) प्रमाणात असते’ हा पाठ्यपुस्तकातील नियम असंख्य सूक्ष्म घटनांची सरासरी आहे. त्याला प्रभारांमधील बल सांगणाऱ्या कूलोंबच्या नियमाचा दर्जा देऊ नये.

प्लावक बल मात्र मिश्र स्वरूपाचे आहे. गुरुत्वाकर्षणामुळे द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो, आणि वस्तूला खालून बसणारे रेणूंचे धक्के वरच्यांपेक्षा जोरदार ठरतात. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात दाबातील हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याबरोबर प्लावक बलही.

एक गोष्ट बऱ्याचदा सांगायची राहून जाते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना केंद्रकात बांधून ठेवणारे बल अनेक पुस्तके मूलभूत म्हणून देतात, परंतु चार मूलभूत बलांपैकी एक असलेले प्रबल बल, प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनलेले असतात त्या क्वार्कांमध्ये असते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन त्या बलाच्या दृष्टीने उदासीनच असतात. त्यांच्यामधील केंद्रकीय बल हा क्वार्कांमधील बलाचा बाहेर उरलेला अंश आहे, म्हणजे तेही दुय्यमच.