बेने इस्राएल समाजाच्या मलिद्यात एलियाहूचे नाव का घेतात?
कोकणातील बेने इस्राएल ज्यू नवस फेडताना, लग्नाच्या वेळी किंवा गृहप्रवेशाला मलिदा हा नैवेद्याच्या ताटाचा विधी करतात, तेव्हा एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचेच नाव का घेतले जाते, असा आपला प्रश्न आहे. हिब्रू बायबलमधील ‘राजांचा दुसरा ग्रंथ’ या भागानुसार एलियाहूला मृत्यू आला नाही, तर तो अग्निरथ दिसल्यावर वावटळीतून स्वर्गात गेला. म्हणूनच तो कधीही आणि कुठेही प्रकट होऊ शकतो, ही श्रद्धा जगभरच्या ज्यूंमध्ये रुजली असून वल्हांडण या ज्यू सणाच्या भोजनात त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात आणि सुंतेच्या वेळी आसनही राखतात. बेने इस्राएलांची परंपरा मात्र त्याला थेट अलिबागजवळच्या खंडाळ्यात आणते, कारण तेथील खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या व घोड्याच्या मानल्या जातात. मलिद्यासाठी भिजवलेले पोहे, खवलेला ओला नारळ, साखर आणि वेलची यांचे मिश्रण ताटात रचून सभोवती फळे मांडली जातात आणि हिब्रू स्तोत्रे व आशीर्वचने म्हटल्यावरच ते वाटले जाते. ताट अस्सल कोकणी आणि प्रार्थना हिब्रू, हा मेळ मला या विधीचे खरे वैशिष्ट्य वाटतो. इस्राएलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबेही आजपर्यंत मलिदा करतात.