सगळं शिकवलं तर मला कोण विचारणार?

हा प्रश्न माझ्याकडे कितीतरी तोंडांनी येतो. या वेळी तो भोसरीतल्या एका सीएनसी सेटरने, म्हणजे संगणकावर चालणारं कातकामाचं मशीन लावून देणाऱ्या कारागिराने, आणला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आपण त्यांना अण्णा म्हणू. एमआयडीसीची सुट्टी म्हणून गुरुवारी आले. तक्रार झोपेची. रात्री दोनला फोन वाजतो, "अण्णा, साइज जातेय." म्हणजे मशीनवरच्या भागाचं माप बिघडतंय. मग अर्धवट झोपेत ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये टाकायचा मापाचा फरक, सांगायचा, नाहीतर गाडी काढायची.

"मग पोरांना शिकवत का नाही?" असं विचारून मी वर टीमवर्कवर दहा मिनिटं बोलले. तीन आठवडे ते फिरकले नाहीत. चूक माझीच.

परत आले तेव्हा मी गप्प बसून ऐकलं. आधीच्या कंपनीत त्यांनी एका डिप्लोमावाल्या पोराला हाताला धरून शिकवलं होतं. दोन वर्षांत तो सुपरवायझर झाला आणि यांनाच नाइट शिफ्ट लावू लागला. तेव्हापासून ऑफसेट टाकताना अण्णा स्क्रीन झाकूनच उभे राहतात. अशा माणसाला 'ज्ञान दिल्याने वाढतं' सांगणं म्हणजे जखमेवर सुभाषित चोळणं.

भीती खरी होती, म्हणजे बोलायचं कंपनीशी होतं. अण्णांना विचारून मी त्यांच्या मॅनेजरना भेटले. भिंतीवर स्किल मॅट्रिक्स होतं: प्रत्येक नावापुढे चार भागांचं वर्तुळ, जेवढं येतं तेवढे भाग काळे. ऑडिट जवळ आलं की रंगवायचं, एवढाच त्याचा उपयोग. म्हटलं, त्यात एक रकाना वाढवा, 'कोणी शिकवलं', आणि इन्क्रिमेंट ठरवताना तो बघा. महिनाभर "बघू" चाललं. कागदावर आल्याशिवाय अण्णा हलले नाहीत, मीही हला म्हटलं नाही.

शिकवायची पद्धत जुनीच घेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना चटकन तयार करायला ती वापरली गेली. आधी शिकणाऱ्याची भीड घालवायची, मग करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घेताना 'का' ते त्यालाच बोलायला लावायचं, शेवटी एकटं सोडून अधूनमधून बघायचं. सुरुवात एकाच गोष्टीने केली: इन्सर्ट (धातू कापणारं छोटं पातं) झिजली की जॉबचा, म्हणजे घडवायच्या भागाचा, बाहेरचा व्यास वाढतो, वीस मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जास्त आला तर वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायच्या ऑफसेटमध्ये, उणे वीस.

अण्णांना तिसरी पायरी जड गेली. पोरगा चुकायच्या आत यांचा हात बटणावर! शेवटी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं ठरलं. पहिल्या दिवशी एक जॉब रिजेक्ट झाला. "माझ्या तर पहिल्या आठवड्यात किती गेले असतील," असं त्या पोराला सांगताना ते हसले म्हणे.

आता रात्रीचा फोन आठवड्यातून एखादा. थ्रेडिंगचं, म्हणजे आटे पाडायचं, सेटिंग मात्र अजून कोणाला दाखवलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "मॅडम, आधी इन्क्रिमेंट हातात पडू द्या."