गाडीतील बास प्रोसेसरची जोडणी नेमकी कुठे करावी?

बास प्रोसेसर म्हणजे गाण्यातला खोल, जड आवाज (बास) वाढवणारे उपकरण. तुमच्या भुसावळच्या गाडीत बाहेरून घेतलेला स्टिरिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर आधीच बसवलेले असल्यामुळे प्रोसेसर स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर या दोहोंच्या मधेच येईल: स्टिरिओच्या सबवूफर आउटपुटची आरसीए केबल (आवाजाचा संकेत नेणारी केबल) प्रोसेसरच्या इनपुटला आणि त्याच्या आउटपुटची केबल अ‍ॅम्प्लिफायरला जोडावी. अ‍ॅम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाणाऱ्या तारांवर तो कधीही लावू नये.

त्याला फ्यूज लावलेला 12 व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग (गाडीच्या पत्र्याला जोडायची तार) आणि स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरीचा रिमोट संकेत (स्टिरिओ सुरू होताच प्रोसेसर सुरू करणारा) अशा तीन तारा लागतात. यांपैकी खरी गडबड अर्थिंगमध्येच होते. माझ्या गाडीत कारागिराने रंग न खरवडताच स्क्रू आवळला होता, आणि एक्सलरेटर दाबला की इंजिनाबरोबर चढणारी शिटी स्पीकरमधून ऐकू येई. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, अ‍ॅम्प्लिफायरच्याच अर्थिंगच्या बिंदूवर आखूड तार घेतल्यावर ती थांबली. आरसीए केबल बॅटरीच्या जाड वायरीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी.

अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (संकेत किती वाढवायचा ती पातळी) प्रोसेसरचा परिणाम शून्यावर ठेवूनच ठरवावा आणि नंतर प्रोसेसरचा नॉब हळूहळू वाढवावा. खानदेशातला मे महिना लक्षात घेता, प्रोसेसर डॅशबोर्डवर किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर बसवू नये. सीटखालची हवेशीर जागा बरी.