मॉन्ट्रियलची योजना बंद झाल्यानंतर पीआरचे कोणते मार्ग उरतात : हर्णैच्या एका मत्स्य पदवीधर मुलीला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून तुमची बी.एफ.एस्सी. झाली आहे, वय 23 आहे आणि मॉन्ट्रियलमधील एका इंग्रजी माध्यमाच्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळण्याची शक्यता आहे. परंतु कॅनडाच्या फ्रेंचभाषिक क्वेबेक प्रांताच्या ज्या 'पीईक्यू' योजनेच्या (तिथे शिकलेल्या किंवा नोकरी केलेल्यांना कायम वास्तव्यासाठी निवडणाऱ्या) भरवशावर एजंटाने पुढचा सगळा हिशेब मांडून दिला होता ती योजनाच बंद झाली असल्याने, शिक्षणानंतर कायम वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा, कोणता मार्ग उरतो, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी मूळची वेंगुर्ल्याची. मॉन्ट्रियलमध्ये शिकले, त्याच योजनेतून कायम झाले आणि आता नोकरीनिमित्त कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, हॅलिफॅक्सला असते. तुम्ही मला ताई म्हटले आहे, तेव्हा थोडे स्पष्ट लिहिते.

पीईक्यू 2010 मध्ये सुरू झाली. पदवीधरांसाठीचे अर्ज 2024 च्या ऑक्टोबरअखेर थांबवण्यात आले आणि 19 नोव्हेंबर 2025 रोजी संपूर्ण योजनाच बंद झाली, एवढे तुम्हाला ठाऊक आहे. एजंटाने जे सांगितलेले दिसत नाही ते असे की, नोव्हेंबर 2023 मधल्या बदलानंतर पदवीधरांच्या या वाटेवर अभ्यासक्रमाचा किमान 75 टक्के भाग फ्रेंचमधून झालेला असण्याची अट आली होती, आणि त्यातून सूट मिळायची ती मुख्यतः ज्यांचे आधीचे काही शिक्षण फ्रेंच माध्यमातून झाले आहे अशांना. याचा अर्थ, इंग्रजीतून मास्टर्स करून पीईक्यूने कायम होण्याचा तुमचा बेत योजना बंद होण्याच्या आधीपासूनच चालण्यासारखा नव्हता. हे सांगण्याचे कारण एजंटाला नावे ठेवणे हे नाही. त्याचे कमिशन प्रवेशावर असते, पीआरवर नसते, त्यामुळे पीआरविषयी त्याने दिलेली प्रत्येक माहिती सरकारी संकेतस्थळावर स्वतः पडताळून घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. सल्ला विकतच घ्यायचा असेल, तर कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेकडे नोंद असलेल्या माणसाकडूनच घ्यावा. त्या संस्थेची यादी कोणालाही पाहता येते.

आता क्वेबेकमध्ये काय उरले ते पाहू. 1991 च्या कराराने आपल्याकडे येणारे कुशल कामगार निवडण्याचा अधिकार या प्रांताने स्वतःकडे घेतला आहे आणि सध्या ती निवड 'पीएसटीक्यू' नावाच्या कार्यक्रमातून होते. त्यात 'अरिमा' या पोर्टलवर नाव नोंदवायचे, गुण लागतात, आणि सरकार आपल्या गरजेप्रमाणे निमंत्रणे काढते. पीईक्यू आणि या कार्यक्रमातला खरा फरक इथे आहे. पीईक्यूमध्ये अटी पूर्ण केल्या की निवड जवळजवळ ठरलेली असे. इथे अटी पूर्ण केल्यावर तुम्ही केवळ रांगेत उभ्या राहता आणि बोलावणे येईल की नाही हे दुसऱ्याच्या हाती असते. उच्च कौशल्याच्या गटात फ्रेंच बोलण्या-ऐकण्यात सातवी पातळी लागते, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर साधारण बी2, आणि लिहिण्या-वाचण्यात पाचवी. क्वेबेकची पदवी असली तर गुण मिळतात, आणि मॉन्ट्रियल महानगराच्या बाहेर राहून काम केले असेल तरीही गुण मिळतात. म्हणूनच, ज्यांना क्वेबेकच हवे आहे त्यांनी मॉन्ट्रियलचा हट्ट सोडावा असे माझे मत आहे. तुमच्या विषयाला तर रिमुस्की हे गाव अधिक जवळचे आहे: सेंट लॉरेन्स नदीच्या खाडीसारख्या रुंद मुखावर वसलेले, सागरी विज्ञानाची संस्था असलेले विद्यापीठ तिथे आहे, फक्त शिकवणे फ्रेंचमध्ये चालते.

पीईक्यू पुन्हा सुरू व्हावी अशी मागणी क्वेबेकमध्ये होत राहते आणि राजकीय पुढारी आश्वासनेही देतात. त्या बातम्यांवर कर्ज काढू नका.

फ्रेंचवर मी एवढा भर का देते, हे आकड्यांतून दाखवते, कारण क्वेबेकबाहेरच्या कॅनडाचे, म्हणजे केंद्र सरकारच्या एक्सप्रेस एन्ट्रीचे, सगळे काम गुणांवर चालते. समजा, तुम्ही दोन वर्षांचे मास्टर्स केले, त्यानंतर पूर्णवेळ एक वर्ष पात्र नोकरी केली, अविवाहित आहात, वय तिशीच्या आत आहे आणि आयईएल्टीएसच्या जनरल परीक्षेत ऐकण्यात 8 व बाकी तिन्हीत 7 बँड मिळाले. वयाचे 110, मास्टर्सचे 135, इंग्रजीचे 124, कॅनडातील एका वर्षाच्या अनुभवाचे 40, शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे 50, शिक्षण आणि अनुभव यांच्या जोडीचे 25, आणि कॅनडात शिकल्याचे 30, एकूण 514. कॅनडातील अनुभव असलेल्यांसाठी 2025 मध्ये जे ड्रॉ, म्हणजे निमंत्रणांच्या फेऱ्या, निघाले त्यांतला कटऑफ (बोलावणे आलेल्यांचे किमान गुण) सतत 500 च्या वर राहिला आणि मे महिन्यात तो 547 पर्यंत गेला होता. म्हणजे 514 वर माणूस उंबरठ्यावरच ताटकळतो. दुसरे वर्ष पूर्ण झाले की हीच बेरीज 552 होते. आता याच पहिल्या वर्षाच्या बेरजेत फ्रेंचच्या चारही अंगांत सातवी पातळी मिळवा: दुसऱ्या भाषेचे 12 आणि दोन्ही भाषा येतात म्हणून जादा 50 धरून 576 होतात. शिवाय फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ निघतात ते निराळेच. 21 मार्च 2025 च्या अशा ड्रॉचा कटऑफ 379 होता. पूर्वी नोकरीच्या ऑफरचेही गुण मिळत, ते 25 मार्च 2025 पासून बंद झाले आहेत, त्यामुळे पैसे घेऊन ऑफर लेटर देतो म्हणणाऱ्याला आता दारातूनच परत पाठवावे.

बी2 पर्यंतचे फ्रेंच नोकरी-अभ्यास सांभाळून दीड-दोन वर्षांचे काम आहे, आणि तेही रोज बसले तर. मुंबई-पुण्याला अलियाँस फ्राँसेझ आहे आणि ऑनलाइन वर्गही चालतात, तेव्हा हर्णैला बसून सुरुवात करता येते. माझे म्हणणे एवढेच आहे की फ्रेंच ही अशी एकच गोष्ट आहे जी क्वेबेकमध्येही उपयोगी पडते आणि बाहेरही, आणि कोणत्याही सरकारने कोणतीही योजना बंद केली तरी ती तुमच्याकडून काढून घेता येत नाही.

एक बारकावा लक्षात ठेवा. क्वेबेकमध्ये शिकून, तिथेच नोकरी करून केंद्राच्या एक्सप्रेस एन्ट्रीतून अर्ज करता येतो. मात्र त्यात क्वेबेकबाहेर राहण्याचा इरादा जाहीर करावा लागतो आणि तो खरा असावा लागतो. मॉन्ट्रियलमध्ये घर, नोकरी आणि मित्रमंडळी जमवून मग असा अर्ज करणे अनेकांना अडचणीचे जाते.

आता ज्या मार्गाविषयी तुम्ही विचारलेच नाही, पण जो तुमच्या पदवीला मला सर्वांत साजेसा वाटतो, त्याविषयी सविस्तर लिहिते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे चार प्रांत, म्हणजे नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलँड-लॅब्राडोर, यांच्यासाठी 'अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅम' आहे; 2017 मध्ये तो प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला आणि 2022 पासून कायम झाला. या प्रांतांतील मान्यताप्राप्त सार्वजनिक संस्थेतून किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम केला असेल, पदवी मिळण्यापूर्वीच्या दोन वर्षांत किमान 16 महिने तिथे राहिले असाल आणि पदवीनंतर 24 महिन्यांच्या आत अर्ज केला, तर आधीच्या नोकरीचा अनुभव लागतच नाही. लागते ती प्रांताने मान्यता दिलेल्या मालकाची नोकरी. या अटींमुळे मॉन्ट्रियलमध्ये शिकलेल्या मुलीला ही सवलत मिळणार नाही, आणि एक वर्षाचे झटपट मास्टर्स करणारीलाही नाही. सेंट जॉन्सच्या मेमोरियल विद्यापीठाची मरीन इन्स्टिट्यूट किंवा ट्रुरो येथील डलहौसी विद्यापीठाची कृषी शाखा, जिथे मत्स्यपालन शिकवले जाते, ही दोन नावे तुम्ही आधी पाहावीत.

मात्र या भागातील मासळीच्या धंद्याची एक अडचण आहे, आणि हर्णैच्या माणसाला ती चटकन कळेल. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि तेवढ्या काळात खलाशी आपापल्या गावी जातात. इथे उलट आहे, हंगामच थोडा आणि बंदी लांब. नोव्हा स्कोशियाच्या नैऋत्य किनाऱ्यावर लॉबस्टरची मासेमारी नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सुरू होते आणि मेअखेर संपते. प्रक्रिया कारखान्यांतील पुष्कळशा नोकऱ्याही अशाच हंगामी असतात. अटलांटिक योजनेला मात्र नोकरी हंगामी नसलेली, पूर्णवेळ आणि किमान वर्षभराची लागते. म्हणून बोटीकडे किंवा कारखान्याकडे न पाहता हॅचरी, सालमन संवर्धन, प्रयोगशाळा, मत्स्यरोग तपासणी अशा बाराही महिने चालणाऱ्या कामांकडे पाहावे.

त्यातही पदनाम काय आहे ते पाहणे अत्यंत आवश्यक आहे, कारण कॅनडात प्रत्येक कामाला 0 ते 5 अशी श्रेणी असते, 0 सर्वांत वरची आणि 5 सर्वांत खालची. एकाच सालमन फार्मवर दोन मुली कामाला लागल्या, एकीला जैविक तंत्रज्ञ म्हणून घेतले आणि दुसरीला मत्स्यपालन मजूर म्हणून, तर पहिलीची श्रेणी 2 होते आणि दुसरीची 5. दोघी तीच टाकी साफ करत असल्या, तोच ऑक्सिजन मीटर वाचत असल्या, तरी दुसरीचे काम एक्सप्रेस एन्ट्रीत धरले जात नाही, कारण तिथे 0 ते 3 याच श्रेणी चालतात, आणि अटलांटिक योजनेतही 4 च्या खाली जाता येत नाही. नुसते पदनाम बदलून घेऊनही भागत नाही. अधिकारी प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतो. मालकाच्या पत्रात कामाचा प्रारंभ आणि शेवट, आठवड्याचे तास, पगार आणि नेमकी कामे लिहिलेली असावी लागतात. 'आमच्याकडे होती, हुशार आणि प्रामाणिक आहे' अशा धाटणीचे पत्र उपयोगाचे नाही. याच कारणासाठी, हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी वडिलांच्या ट्रॉलरचा हिशेब तुम्ही ठेवता, हे काम कितीही खरे असले, तरी पगाराचा कागद नसताना अनुभव म्हणून मांडण्याच्या भानगडीत पडू नका. पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेल्या नोकरीचाही कॅनडातील अनुभवाच्या गटात उपयोग होत नाही.

प्रांतांच्या नामांकनाविषयी, म्हणजे एखाद्या प्रांताने आपल्याला हवा तो उमेदवार केंद्राला सुचवण्याविषयी, थोडक्यात लिहिते. नामांकन मिळाले तर एक्सप्रेस एन्ट्रीत 600 गुण वाढतात, म्हणजे काम झाल्यातच जमा. पण 2025 मध्ये प्रांतांचा कोटा जवळजवळ निम्मा केला गेला, 2026 साठी तो पुन्हा वाढवला गेला, आणि वर्षाच्या मध्येच एखाद्या प्रांताने दार लावून घेणे हे आता नेहमीचे झाले आहे. यावर बेत रचू नये. मिळाले तर घ्यावे. 2021 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पदवीधरांसाठी 40,000 जागांची एक खास योजना निघाली होती आणि ती सुमारे एका दिवसात भरली होती. एजंट अजूनही तिचा दाखला देतात.

शिक्षणानंतरचे वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळते, हे विसरू नका. मास्टर्सला ते तीन वर्षांचे मिळते; 1 नोव्हेंबर 2024 पासून विद्यापीठाच्या पदवीधरांनाही त्यासाठी इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेची सातवी पातळी दाखवावी लागते. स्वस्तातला कॉलेज डिप्लोमा कोणी सुचवला तर तो विषय परमिटच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे, कारण तिथे आता विषयाचेही बंधन आहे. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर परमिट तेवढ्याच मुदतीचे निघते आणि उरलेल्या काळासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो; तेव्हा निघण्यापूर्वीच पासपोर्टचे नूतनीकरण करून घ्यावे. बी.एफ.एस्सी.चे मूल्यांकन मात्र आत्ता करून घेऊ नका. कॅनडातील मास्टर्स झाल्यावर वरील गुणांसाठी त्याची गरज नाही.

पैशाविषयी एवढेच की क्वेबेकबाहेर शिकायचे असेल तर 1 सप्टेंबर 2025 पासून एका विद्यार्थ्याला फी आणि प्रवास सोडून 22,895 डॉलर वर्षाच्या खर्चासाठी दाखवावे लागतात. क्वेबेकचा आकडा वेगळा असतो. आंब्याची बाग तारण ठेवण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे. शेतजमिनीवर सरफेसी कायद्याने (ज्याने बँकेला कोर्टात न जाता तारण जप्त करता येते) जप्ती करता येत नसल्याने बऱ्याच बँका ती शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घेण्यास नाखूश असतात, आणि सात-बारावर चुलत्यांची, आत्यांची नावे असतील तर प्रत्येकाची संमती लागते. घर बिनशेती जागेवर असेल तर आधी त्याची चौकशी करावी.

माझा सल्ला विचाराल तर मॉन्ट्रियलच्या प्रवेशाची फी भरू नका. फ्रेंच या महिन्यातच सुरू करा, अटलांटिक प्रांतांतील दोन वर्षांच्या मास्टर्सना पुढच्या सप्टेंबरसाठी अर्ज करा आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना थेट लिहा. संशोधनाच्या मास्टर्समध्ये त्यांच्याकडून मानधन मिळण्याची शक्यता असते, आणि शिरगावला तुम्ही केलेल्या कोळंबी संवर्धनाच्या प्रकल्पाचा तिथे खरोखर उपयोग आहे. ऑफर आली की तिच्यातील अभ्यासक्रमाचा कालावधी आणि तो थीसिसचा आहे की नुसत्या वर्गांचा, एवढे मला कळवा. 16 महिन्यांच्या वास्तव्याचा हिशेब त्यावरूनच बसवता येईल.