बोनस वाढवला, तरी कामात जीव का नाही?

प्रश्न : भोसरीत आमचं साठ माणसांचं मशीन शॉप आहे. दिवाळीला बोनस वाढवून दिला, पण दोन महिन्यांत पुन्हा तीच मरगळ. रिजेक्शनही, म्हणजे नापास होणारे पीसही, कमी होत नाहीत. काय चुकतंय?

उत्तर : पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानेच मिळतो. तुम्ही तो वाढवलात, तरी मन लावून काम करणारा आणि दिवस ढकलणारा दोघांना तो सारख्याच दराने मिळाला, त्यामुळे मेहनतीशी त्याचा संबंध जुळला नाही. पगार बाजारापेक्षा कमी असेल तर आधी तो सुधारा. त्याने नाराजी जाईल. ओढ मात्र कामातूनच यावी लागते.

म्हणून काम तपासा. हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांच्या १९७६ च्या मॉडेलमध्ये पाच गोष्टींना १ ते ७ गुण देतात : कौशल्यांची विविधता, अख्खं काम एका हातून होणं, त्या कामाचं इतरांसाठी महत्त्व, निर्णयाची मोकळीक आणि आपलं काम कसं झालं हे कळणं. पहिल्या तिन्हींची सरासरी काढून तिला उरलेल्या दोन्हींनी गुणायचं. समजा, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवरच्या ऑपरेटरचे पहिले तीन गुण ४, ३, ५, सरासरी ४. मोकळीक २, कळणं २. गुणाकार १६, आणि कमाल आकडा ३४३! त्याला दुसरं मशीन शिकवून विविधता ६ वर नेली, तरी आकडा जेमतेम १९ होतो. तेच शेवटचे दोन्ही गुण ४ वर नेले तर ६४. नुसतं जॉब रोटेशन, म्हणजे माणसं आलटूनपालटून वेगवेगळ्या कामांवर लावणं, फसतं ते यामुळेच.

हे दोन गुण वाढवायचे तर पहिला पीस ऑपरेटरनेच मायक्रोमीटरने मोजावा, माप मशीनजवळच्या शीटवर लिहावं. माप टॉलरन्सच्या (चालणाऱ्या फरकाच्या) कडेला सरकायला लागलं की ऑफसेट, म्हणजे मशीनमधली मापाची दुरुस्ती, त्यानेच द्यावा. रिजेक्ट पीस त्याच शिफ्टमध्ये त्याच्या हातात पडला पाहिजे. महिनाअखेरच्या रिपोर्टमधलं रिजेक्शन कुणालाच आपलं वाटत नाही. सुपरवायझरला आधी विश्वासात घ्या. मशीन थांबवलं म्हणून तो एकदा जरी ओरडला, की पुन्हा कुणी ऑफसेटला हात लावणार नाही. कामगारांकडून हे १ ते ७ गुण भरून घेताना नावं मागू नका, नाहीतर सगळे सहा-सातच भरतील. आणि ज्याला जास्तीची जबाबदारी नको असेल, त्याच्यावर ती लादू नका.

प्रश्न : सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन माणसं निवडावीत, असं सल्लागार सुचवतात. घ्यावी का?

उत्तर : निवडीसाठी मुळीच नको. ही चाचणी माणसाला अंतर्मुख नाहीतर बहिर्मुख अशा खणांत टाकते. प्रत्यक्षात बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात, म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी ठरलेला गुण एकच निघाला : कामातला काटेकोरपणा आणि जबाबदारीची जाणीव. तोही संबंध माफकच. त्यापेक्षा उमेदवाराला ड्रॉइंग आणि कच्चा माल द्या, एक जॉब (सुटा भाग) करून घ्या आणि त्याची मापं स्वतः तपासा.